पोटातला टेकू

मु. धोंडवाडी, पो. हसनाबाद, जि. जालना
१९ जानेवारी २०००

चि. जानकी हिस रखमाजी सुताराचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा आमच्याकडे पेरण्या चालल्या होत्या आणि आता हुरडा खाऊन झाला. सात महिने मी तुला उत्तर दिलं नाही, त्याची माफी मागतो. डोळ्याचं ऑपरेशन झालं हे खरं आहे, पण ते दिवाळीनंतर झालं. त्याआधी मला लिहिण्यापुरतं चांगलं दिसत होतं. म्हणून डोळ्याचं कारण मी सांगत नाही. बद्रीनाथ गुरुजी, जे आजवर माझी पत्रं इंग्रजीत करून द्यायचे, ते दोनदा दारात येऊन विचारून गेले, "रखमाजी, पोरीला जवाब द्यायचा का न्हाई?" मी म्हणालो, "देऊ की, जल्दी काय हाय."

तू लिहिलंस की तिकडे हॉलंडात तुझ्या खालच्या मजल्यावर पुण्याच्या डॉक्टर रजनीताई राहायला आल्या आहेत आणि त्या माझं मराठी वाचून दाखवतील. हे फार बरं झालं. आता गुरुजींना त्रास नको. रजनीताई, तुम्हाला नमस्कार. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली दोन वर्षं निजामाच्या राज्यात उर्दूत गेली. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाचू नका, थांबून परत वाचा. आणि तिचं नाव यानेके आहे हे मला माहीत आहे. माझ्या बायकोला, कौसल्येला, ते म्हणता येईना, म्हणून तिने पहिल्याच दिवशी जानकी केलं.

तुम्हाला बाकीचं माहीत नसणार म्हणून सांगतो. बारा वर्षांमागे आमच्या गावच्या जीपवाल्या देवानंदची जीप औरंगाबादचा कार्यक्रम आटोपलेल्या तीन गोऱ्या पाहुण्यांना घेऊन अजिंठ्याला निघाली होती. देवानंदने जवळचा रस्ता म्हणून ती आमच्या ओढ्यातून घातली आणि टपावर बांधलेला जानकीचा बास दगडांवर आला. बास म्हणजे माणसाहून उंच सारंगी, पण उभ्याने बोटांनी वाजवायची. मान तुटली होती आणि पोटात काहीतरी खुळखुळत होतं. तेव्हा ही एकवीस वर्षांची. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून त्या लाकडाला मिठी मारून रडत होती. लोक म्हणाले, "कोन मेलं?" देवानंद म्हणाला, "कोनी न्हाई, बाजा फुटला." लोक म्हणाले, "मंग एवढं रडायला काय झालं?" कौसल्येने मात्र पदर खोचला, पाण्यात उतरली आणि बासाची दुसरी बाजू उचलली.

जोडीदार दोघं औरंगाबादला परत गेले. ही चार दिवस आमच्याकडे राहिली.

मान बसवणं मला अवघड नव्हतं. बैलगाडीचं जू सांधणाऱ्याला ते जमतं. पण पोटातली ती काडी! ती अंगठ्याएवढी जाड, वीत-दीड वीत लांब, आणि पडून उभी चिरली होती. जानकीने जमिनीवर कोळशाने काढून दाखवलं की ही काडी आत वरच्या फळीला खालून टेकू देते. मी म्हणालो, ठीक, नवीन करतो, सरस लावून पक्की बसवतो. तर ही दोन्ही हात हलवून नको नको करायला लागली. सरस नको, खिळा नको, नुसती उभी राहू दे. मला रागच आला. बिनसरसाचं काम सोडायचं म्हणजे माझ्या बापाने मला घराबाहेर काढलं असतं. मग तिने तारा ताणल्या आणि माझा हात वरच्या फळीवर ठेवला, तेव्हा मला समजलं. वरचा भारच त्या टेकूला उभं धरतो. साठ वर्षांचा होतो मी, आणि एकवीस वर्षांच्या पोरीने मला सुतारकी शिकवली.

जानकी, त्यानंतरचं तुला माहीत आहे, पण मला ते लिहायला आवडतं. नव्वद साली तुझी पहिली कॅसेट आली. आतल्या कागदावर माझं नाव आणि गाव छापलेलं होतं. गुरुजींनी ते पंधरा ऑगस्टला शाळेत वाचून दाखवलं. मग जालन्याचा पत्रकार आला. मग जालन्यातल्या मस्तगडच्या बँडवाल्यांनी त्यांचे ढोल, पेट्या माझ्याकडे धाडायला सुरुवात केली. तोवर रबरी टायरच्या गाड्या आल्या होत्या आणि माझ्या हाताला चाक करायचं काम उरलं नव्हतं. मी दिवसभर ओट्यावर बसून कौसल्येच्या कामात चुका काढत असे. तुझ्यामुळे मला दुसरा जन्म मिळाला. हे मी दर पत्रात लिहितो आणि गुरुजी म्हणतात, एकदा लिहिलं की पुरे. पण आता मधे गुरुजी नाहीत, म्हणून परत लिहितो.

कॅसेट मी ऐकली. खरं सांगतो, पहिल्या वेळी मला सगळे वाजवणारे एकमेकांवर रुसल्यासारखे वाटले. पण तुझा बास मागून चालत होता, रुसलेल्यांची समजूत घालत. तू सात जणांचा बँड केलास, त्यातले सहा तुझ्याहून मोठे पुरुष. मस्तगडचे बँडमास्तर भिंतीवरचा तुझा फोटो बघून म्हणाले, "बाई वाजवते का?" मी म्हणालो, "वाजवते बी अन् चालवते बी." ते म्हणाले, "मागं उभं राहून कसं काय चालवते? मास्तर पुढं पाह्यजे." मी म्हणालो, "बैलगाडीवाला कुठं बसतो?" तिथे सगळे हसले. तुझ्या बँडमधला तुतारीवाला तुला सोडून गेला, बाईच्या हाताखाली वाजवणार नाही म्हणाला, तेव्हा कौसल्येने दोन दिवस त्याला शिव्या घातल्या. नंतर तुला बक्षीस मिळालं, रेडिओवर बोलावलं, तू जपानला जाऊन आलीस. सगळी कात्रणं माझ्या पेटीत आहेत.

आता तू विचारलंस ते. तुमच्या गावचा कारागीर म्हणतो की टेकूला चीर गेली आहे, तो बदलायला पाहिजे, आणि तसाच करायचा तर ते लाकूड कोणतं हे कळलं पाहिजे.

सागवान होतं. साधं जुनं सागवान.

तब्येतीला जप. सर्दी झाली की हळद-दूध घे. उत्तराची घाई नाही.

तुझा,
रखमाजी


२ मार्च २०००

चि. जानकीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रजनीताई, हे पत्र जानकीला एकटीलाच वाचून दाखवा. दार लावून घ्या. तुमच्याकडे ऐकून कोणाला समजणार नाही हे मला कळतं, तरी लावा.

जानकी, तू लिहिलंस की त्या कारागिराने माझ्या शब्दावर सागवानाचा टेकू करून बसवला आणि बास मुका झाला. बँडमधले लोक एकमेकांकडे बघायला लागले. तू जुनाच टेकू दोऱ्याने बांधून परत आत उभा केलास, पण तो वर्षभर टिकेल असं नाही, आणि नोव्हेंबरात तुझ्या अकरा जणांच्या नव्या बँडचा पहिला मोठा कार्यक्रम आहे. एवढं होऊन शेवटी तू लिहिलंस, "काका, तुम्हाला नीट आठवतं का?" तुम्ही खोटं बोललात असं तू लिहिलं नाहीस. त्यामुळे मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

ते सागवान नव्हतं. शिवणीच्या झाडाचं लाकूड होतं, आणि ते माझं नव्हतं.

आमच्या गावची देवी तुकाई. तिची पालखी आहे. ऐंशी वर्षं खांद्यावर वाहिलेला तिचा दांडा त्या वर्षी वाकला, म्हणून उतरवून माझ्या छपरात आणून ठेवला होता. मी नवा दांडा करून दिला होता आणि जुना मला नदीला द्यायचा होता. आमचा रिवाज असा की देवीचं लाकूड जुनं झालं तर सुताराने ते गिरजा नदीच्या वाहत्या पाण्यात सोडायचं, ओल्या अंगाने देवळात यायचं, आपल्या पटाशीवर, लाकूड तासायच्या हत्यारावर, हात ठेवायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, "आईचं आईला दिलं, हाताला काही ठेवलं नाही." तेवढं बोलल्याशिवाय नवं लाकूड खांद्यावर चढत नाही. ढलपीसुद्धा घरात ठेवायची नसते, चुलीत घालायची नसते.

तुला आठवत असेल, मी आधी लिंबाचा टेकू केला, मग बाभळीचा, मग सागवानाचा. प्रत्येक वेळी तू तार छेडायचीस आणि मान हलवायचीस. तिसऱ्या दिवशी तू मान हलवली नाहीस, नुसती भिंतीकडे तोंड करून बसलीस. ते मला बघवेना. खरं तर तेवढंच नव्हतं. मला हारही मानायची नव्हती. आयुष्यभर लाकडाने माझं ऐकलं आणि या एका वितीने ऐकू नये, हे सहन होईना. दुपारी कौसल्या तुला घेऊन विहिरीवर गेली. मी दांड्याच्या मधला हातभर तुकडा कापला. शिवण हलकी असते, आणि हे ऐंशी वर्षं तेल-हळद प्यालेलं, सरळ रेषेचं. टेकू उभा केला, तू आलीस, तार छेडलीस, आणि भिंतीच्या फळीवरचे पितळी डबे गुणगुणायला लागले. कौसल्या म्हणाली, "आता हसली बया!" तू माझ्या पाया पडलीस. मी तुला उठवलंही नाही. मला हात लावायची भीती वाटली.

अमावस्येला मी बाकीचा दांडा नदीत सोडला. दोन तुकड्यांत आहे हे कोणाला दिसू नये म्हणून त्यावर कापड गुंडाळलं होतं. मग देवळात आलो आणि पटाशीवर हात ठेवून ते वाक्य म्हणालो. आवाज कापला. काकासाहेब, जे देवळाचं सगळं बघतात आणि पालखीला पहिला खांदा देतात, ते म्हणाले, "थंडी वाजून राह्यली का रखमाजी? टावेल द्या रे त्याला."

तो टॉवेल अजून माझ्याकडे आहे.

तुझ्या कॅसेटवर माझं नाव आलं, शाळेत टाळ्या पडल्या, पत्रकार आला, मस्तगडची कामं आली. प्रत्येक वेळी मला आनंद झाला आणि प्रत्येक वेळी वाटलं, हे सगळं त्या हातभर लाकडावर उभं आहे. कौसल्येलाही मी सांगितलेलं नाही.

आता ऐक. त्या तुकड्यातला वीतभर अजून उरलेला आहे. माझ्या हत्यारांच्या पेटीच्या तळाला, हळदीच्या फडक्यात. कीड नाही, चीर नाही. त्यात तुझा टेकू बसतो, मी मोजून पाहिलं. रजनीताईंचे भाऊ वैशाखात पुण्याहून तुमच्याकडे येणार आहेत ना? मी त्यांच्याकडे पोचता करतो. तू बसव आणि कोणाला काही सांगू नकोस. मी बहात्तर वर्षांचा आहे. आता माझी इज्जत गेली तर मला दुसरी करायला वेळ नाही.

एक अडचण आहे, तीही सांगून टाकतो. गावाने यंदा पालखी पूर्ण नवी करायची ठरवलं आहे. काम मलाच दिलं आहे. काकासाहेब म्हणाले, "ज्याचं नाव हॉलंडात छापलं त्याच्याच हातून व्हायला पाह्यजे. डोळे साथ देत नसतील तर तू नुसता पहिला घाव घाल, बाकी पोरं करतील." अक्षय तृतीयेला जुनी पालखी सोडवायची, नदीला द्यायची, आणि मी परत ते वाक्य म्हणायचं.

म्हणजे या वेळेस दोनदा खोटं होईल. एकदाचं पचलं आहे की नाही हेच मला अजून कळलेलं नाही.

तुझा,
रखमाजी


१४ मे २०००

चि. जानकीस आशीर्वाद, रजनीताईंना नमस्कार. आता दार उघडं ठेवून वाचलं तरी चालेल.

मी तुझ्याकडे ते लाकूड पाठवलेलं नाही. रजनीताईंच्या भावाच्या पुण्याच्या पत्त्यावर जी पुडी पोचली आहे, त्यात दुसरं लाकूड आहे. ते काय, ते सांगतो. आधीचं आधी सांगू दे, नाहीतर माझा गोंधळ होतो.

अक्षय तृतीयेला आम्ही जुनी पालखी गिरजेला दिली. नदीला पाणी थोडंच होतं, पण वाहत होतं. मी ओल्या अंगाने देवळात आलो. पटाशी पाटावर ठेवलेली होती. मी हात ठेवला. "आईचं आईला दिलं" एवढं झालं. पुढचं येईना. गुरव म्हणाला, "इसरला जनू. हाताला काही—" मी म्हणालो, "इसरलो न्हाई. ठेवलंय."

काकासाहेब म्हणाले, "काय ठेवलंय?"

"एक वीत माह्या पेटीत हाय. अन् एक हॉलंडात."

मागून कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी बसलो नाही, ओल्या धोतराने उभ्यानेच सगळं सांगितलं. तू ओढ्यात रडत होतीस तिथपासून. या वेळेस कोणी टॉवेल दिला नाही.

मग जो तो बोलायला लागला. एक म्हणाला याला वाळीत टाका, एक म्हणाला तरीच ब्याण्णवला पाऊस गेला. दुसरा म्हणाला, "पाऊस काय आपल्या एकट्या वाडीचाच गेल्ता का?" बद्रीनाथ गुरुजी मान खाली घालून बसले होते. बारा वर्षं त्यांनी माझी पत्रं लिहिली, आणि त्यांतलं मुख्य तेवढंच त्यांच्या हातून मी लिहवून घेतलं नव्हतं.

काकासाहेबांनी सगळ्यांना गप्प केलं. मला विचारलं, "ते तिथं काय काम करतं? शोभेला ठेवलंय का?"

मी म्हणालो, "न्हाई. बाज्याच्या पोटात उभं असतंय. वरचा समदा भार त्याच्यावर."

"रोज?"

"पोरगी वाजवते तवा तवा."

काकासाहेब बराच वेळ आपला उजवा खांदा चोळत राहिले. पालखीने तिथे घट्टा पडलेला आहे. मग म्हणाले, "म्हंजे तेनं बसून खाल्लं न्हाई. भार वाहूनच राह्यलं." आणि लगेच आवाज चढवून म्हणाले, "म्हनून तुला सोडलं असं न्हाई, रखमाजी. पालखीला तुहा हात लागनार न्हाई. हसनाबादचा सुतार करील. तुहा पहिला घाव बी न्हाई."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण जानकी, घरी येताना रस्त्यात मला त्याचं फार वाईट वाटलं. माझ्या हयातीत देवीची पालखी होते आहे आणि माझी पटाशी पेटीत आहे.

कौसल्येने तर तीन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. चौथ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "बारा वर्षं माह्या हातची भाकर खाल्ली अन् मला सांगितलं न्हाई! मला सांगितलं असतं तं मी तवाच आईपुढं नाक घासलं असतं, सुटला असता." मी म्हणालो, "तू मला घासू दिलं असतं का?" ती म्हणाली, "तुमचं नाक एवढंसं. माहंच घासलं असतं." तेव्हापासून बोलते आहे. अख्ख्या जन्मात बोलली नसेल एवढं बोलते आहे.

पारावर लोक मला विचारतात, "काय रखमाजी, आई आज कोन्या देशात हाय?" मी सांगतो, "हॉलंडात हाय, ठीक हाय." ते हसतात. मला वाटलं होतं त्याहून हे सोसवतं.

आता निकाल काय झाला तो नीट ऐक, कारण त्यातला अर्धा तुझ्यावर आहे.

माझ्या पेटीतली वीत मी दुसऱ्या दिवशी गिरजेला दिली. सगळे बरोबर होते. तुझ्या बासातला टेकू हा आईचाच आहे. तो तू बाहेर काढायचा, वाहत्या पाण्यात सोडायचा आणि ते वाक्य म्हणायचं. तुझं झालं की मी इकडे माझं म्हणायचं. तोपर्यंत नवी पालखी खांद्यावर चढणार नाही. दसऱ्याला ती निघायला पाहिजे.

मी काकासाहेबांना म्हणालो, पोरीचा त्यात काही गुन्हा नाही, तिला माहीतही नव्हतं, आणि टेकू काढला तर तिचा आवाज जाईल. ते म्हणाले, "मंग दुसरा दे." नव्या पालखीसाठी शिवणीचा ओंडका त्यांच्या गोठ्यात तीन वर्षं सुकत पडला आहे. त्याचा शेंड्याकडचा तुकडा त्यांनी स्वतः करवतीने कापून माझ्याकडे टाकला. म्हणाले, "हे अजून लाकूडच हाय. आई यात बसली न्हाई. घेऊन जा." तोच मी पुण्याला धाडला आहे. जुन्या दांड्याच्याच डोंगरातली शिवण, रेषा सरळ. तुझ्या कारागिराला सांग, रेषा उभी ठेवायची आणि टोकं तिरकी तासायची, फळीला पूर्ण टेकतील अशी. हे त्याला माहीत असेल, तरी सांग.

मी तुझ्याशी परत खोटं बोलणार नाही. याचा आवाज तसाच येईल असं मी म्हणत नाही. हे तीन वर्षांचं आहे, ते ऐंशी वर्षांचं होतं. लोक तुला सांगतील की आवाज बोटांत असतो, मनात असतो. मी सुतार आहे. काही लाकडात असतो. तेवढा जाईल.

तुमच्याकडे कालवे आहेत असं तू एकदा लिहिलं होतंस. कालव्यातलं पाणी वाहतं की साचलेलं असतं? साचलेलं असलं तर चालणार नाही, नदीवर जा. वाक्य मराठीत यायलाच पाहिजे असं नाही. काकासाहेब म्हणाले, "आईला समद्या भाषा येतात. पाणी तेवढं वाहतं पाह्यजे." रजनीताई, तुम्ही सोबत जा, ती घसरायला नको.

तू हा प्रश्न विचारला नसतास तर मी हे पोटात घेऊन गेलो असतो. त्याबद्दल तुझा मी ऋणी आहे. मागच्या सगळ्यांहून जास्त.

तुझा,
रखमाजी


२१ ऑगस्ट २०००

चि. जानकीस आशीर्वाद.

मेमध्ये पत्र टाकलं, त्याचं उत्तर नाही. तिकिटं कमी लावली की काय असं वाटून मी हसनाबादच्या पोस्टात जाऊन विचारलं. ते म्हणाले बरोबर होती. मग तू रागावलीस असं वाटलं. मग तू आजारी असशील असं वाटलं, ते जास्त वाईट. कौसल्या म्हणते, "तिचा बाजाच काढून घ्यायला निघालात, लिहील कशी?"

पालखी तयार झाली. हसनाबादचा सुतार चांगला आहे. मी रोज जाऊन बसतो. पहिल्या आठवड्यात तो मला बघून पाठ करायचा. आता सांधा दाखवून विचारतो, "बाबा, ही कूस बराबर बसली का?" मी हात लावत नाही, नुसतं सांगतो. दोन ठिकाणी मी सांगितलं ते त्याने ऐकलं, एका ठिकाणी नाही, आणि तिथे त्याचंच बरोबर होतं. पालखी देवळात पांढऱ्या कापडाखाली ठेवली आहे. काकासाहेब दर मंगळवारी कापडाकडे बघतात आणि मला विचारतात, "टपाल?" मी नाही म्हणतो.

मला एवढंच सांगायचं आहे. नवा टेकू तू आषाढातच बसवला असशील असं धरतो. एकदा वाजवून ठरवायचं नसतं, महिनाभर वाजवायचं, लाकडाला तेवढा वेळ लागतो. महिन्यानेही बास मुकाच राहिला असेल, आणि अकरा माणसं घेऊन तुला लोकांसमोर उभं राहवणार नाही असं वाटलं, तर जुनाच टेकू आत राहू दे. इकडे मी उभा राहीन. यंदा दसऱ्याला पालखी माझ्यामुळे निघाली नाही असं म्हणतील, तर म्हणू दे. ज्याने कापलं त्याने ऐकून घ्यायचं. तुझ्यावर मी कोणाला शब्द बोलू देणार नाही, आणि माझी तुझ्यावरची माया तसूभर कमी होणार नाही. तू मला बारा वर्षं दिलीस. माझ्या हाताला लाज नाही, काम आहे, असं वाटायला लावलंस. त्यापुढे एक दसरा काही मोठा नाही.

पण नाही असेल तर नाही लिही. हो असेल तर कोणत्या नदीत सोडलास तिचं नाव लिही, काकासाहेब विचारणार. घटस्थापना सत्तावीस-अठ्ठावीस सप्टेंबरला येते आहे. तुमच्याकडून पत्राला दोन आठवडे लागतात, कधी तीन. म्हणजे हे पत्र वाचून झालं की लगेच लिहायला बसलं पाहिजे. रजनीताई, तिच्याजवळ कागद नसला तर तुमचा द्या.

पोस्टमन अकराच्या सुमारास येतो. मी रस्त्यावर जाऊन उभा राहतो. तो लांबूनच मान हलवतो आणि सायकल न थांबवता पुढे जातो. एकदा त्याला माझ्यापुढे खाली उतरायला लाव. लवकर लिही.

तुझा,
रखमाजी सुतार